झोन दाखला की भाग नकाशा?

मावसभाऊ तालुक्याच्या गावी गुंठ्याभराचा प्लॉट घेतोय. नगरपरिषदेतून झोन दाखला काढू की भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातला आपल्या जागेपुरता उतारा), एवढाच त्याचा प्रश्न. एजंटच्या मोबाइलमधला रंगीत नकाशा त्याला बाजूला ठेवायला सांगितला.

काय कळतं? दाखला सरळ शब्दांत सांगतो: अमुक गट नंबर, मंजूर विकास योजनेप्रमाणे रहिवास, शेती की आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखीव. पण तो बोलतो अख्ख्या गटाबद्दल. ‘अंशतः रहिवास, अंशतः 18 मीटर रस्ता’ असं लिहून आलं, तर रस्ता नेमका कुणाच्या प्लॉटवरून जातो? ते भाग नकाशातच दिसतं. गट मोठा आणि प्लॉट छोटा असेल तिथे हाच फरक माणसाला बुडवतो. नकाशावर स्वतः पट्टी लावून मोजू मात्र नका, भूमी अभिलेखची मोजणी ‘क’ प्रत (सरकारी मोजणीच्या नकाशाची प्रत) सोबत ठेवून नगरपरिषदेच्या अभियंत्याला विचारा.

खर्च नि खटपट दोन्हींत जवळपास सारखीच: अर्ज, ताजा सातबारा, फी. फी गावोगावी वेगळी, खिडकीवर विचारावी. नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरच्या जमिनीसाठी जिल्ह्याच्या नगररचना शाखेत जावं लागतं.

योजना मंजूर झाल्याची तारीखही बघा. 1966च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली, योजना लागू झाल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक ती घेण्याची नोटीस देऊ शकतो.

अख्खा गट घेणाऱ्याला किंवा सुरुवातीची चौकशी करणाऱ्याला दाखला पुरे. तुकडा घेणाऱ्याने, माझ्या भावासारख्याने, भाग नकाशा पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.