व्यसनमुक्ती केंद्रातला आहारवर्ग: हिशेब पक्का, वेळ चुकीची

पुणे परिसरातल्या एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात दारू सोडणाऱ्यांसाठी आहारतज्ज्ञांचा वर्ग चालतो. ‘पौष्टिक खा’ एवढ्यावर तो भागवत नाही, ही त्याची जमेची बाजू. साठ किलोच्या माणसाला किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ७२ ग्रॅम प्रथिनं, हा हिशेब सरळ फळ्यावर मांडतात. ज्वारीच्या तीन भाकऱ्या १८, दोन वाट्या घट्ट वरण १३, दोन अंडी १२, तीस ग्रॅम सोयाबीन वडी १५, मूठभर शेंगदाणे ८, वाटीभर दही ५. झाले ७१. प्रोटीन पावडरचा महागडा डबा हवाय कशाला!

लिव्हर खराब म्हणून वरण-अंडी बंद करणाऱ्या घरांची इथे चांगली कानउघाडणी होते. सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे लिव्हर आक्रसून कडक होतं तेव्हा, त्याला साखर नीट साठवता येत नाही. मग रात्रभराच्या उपासात शरीर स्नायूच मोडून खातं. म्हणून झोपताना दूध-पोह्यांसारखं काहीतरी पोटात हवंच.

बी-१ जीवनसत्त्वाचा भाग तर उत्तमच. छोल्यांत खायचा सोडा टाकला की ते नासतं, तांदूळ चोळून धुतले की पाण्याबरोबर जातं. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याची तूट ताटातून भरून निघत नाही. गोळी किंवा इंजेक्शन लागतंच, आणि तेही ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी.

खटकतं ते वेळापत्रक. वर्ग भरतो दारू सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी. हात थरथरतायत, मळमळतंय, झोप नाही, अशा पेशंटच्या डोक्यात ग्रॅमचं गणित काय शिरणार? तेव्हा दोन-दोन तासांनी पेज, ताक, मऊ खिचडी पोटात टिकली तरी खूप. हा वर्ग तिसऱ्या आठवड्यात हवा, आणि घरी जो स्वयंपाक करतो त्याला शेजारी बसवून.

गुटख्यामुळे तोंड दोन बोटंही उघडत नाही, अशांपुढेही तोच तक्ता. त्यांना शेंगदाण्याऐवजी कूट, दुधात कुस्करलेली भाकरी आणि बिनतिखटाची भाजी, एवढा बदल सहज करता येईल.

मोठी उणीव टॉनिकची. भूक लागावी म्हणून घरचे प्रेमाने द्राक्षासव आणतात. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं. डायसल्फिराम, म्हणजे दारूपासून लांब राहावं म्हणून देतात ती गोळी, चालू असताना ते घेतलं तर चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. गोळी थांबवल्यावरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. तक्त्यात याबद्दल अवाक्षर नाही. ते येईपर्यंत कफ सिरपसकट प्रत्येक बाटलीवरचं लेबल घरच्यांनीच वाचावं आणि शंका असेल तर डॉक्टरांना दाखवावं.