दिव्यांग मदत केंद्र: अर्ज भरणारे पुष्कळ, पाठपुरावा करणारे थोडे

जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीजवळ चालणाऱ्या या केंद्राला पाचपैकी चार गुण. आधी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), मग बाकी सगळं, हा त्यांचा क्रम बरोबर आहे. आधार आणि वैद्यकीय दाखल्यावरचं नाव अक्षर-अक्षर लावून पाहतात. फरक असला तर अर्ज तसाच पुढे पाठवत नाहीत.

पैसा अडतो तो बहुधा बँकेत. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतं, आणि तेही आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात. ते खातं कधी सिम घेताना उघडलेलं पेमेंट बँकेचं निघतं, आणि माणूस जुन्या पासबुकात एंट्री मारत बसतो. म्हणून टेबलावर पहिलाच प्रश्न अहिराणीत: ‘दादा, आधार कोनती बँकले जोडेल शे?’

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातल्या 5 टक्के दिव्यांग निधीसाठी ते अर्जाच्या दोन प्रती काढतात. दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका, असं बजावतात. तोंडी मागणीला पंचायतीत कोण विचारतो! 40 टक्के दिव्यांगत्व असलं की बऱ्याच योजना खुल्या होतात, पण एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या योजनेतली बॅटरीची तीनचाकी 80 टक्क्यांखाली मागू नका, हेही तोंडावर सांगतात.

एक गुण कापला तो दोन कारणांनी. दारात दोन पायऱ्या, रॅम्प नाही. आणि मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठीचा 1 लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा स्वतःहून सांगत नाहीत, विचारावा लागतो.