सोलापुरातून इव्वार : सहलीतील एका दिवसाविषयी अभिप्राय

सोलापुरातील एका लहान पर्यटन संस्थेच्या स्वित्झर्लंड-फ्रान्स सहलीत मी या उन्हाळ्यात सहभागी झालो होतो. त्या सहलीतील, फ्रान्समधील इव्वार या गावी घालवलेल्या दिवसाविषयीच येथे लिहीत आहे. ज्या गावात पर्यटकांच्या गाड्या सहसा छायाचित्रांपुरत्या थांबतात, त्याला या संस्थेने सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला आणि हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटला.

जिनिव्हा सरोवराचा दक्षिण किनारा बव्हंशी फ्रान्समध्ये येतो. तेथे जमिनीचे एक टोक पाण्यात शिरले असून त्या टोकावर हजारभर वस्तीचे इव्वार उभे आहे. पश्चिमेकडे सरोवराचा अरुंद भाग आहे, तर पूर्वेकडे ते रुंद होत तीनशे मीटरपेक्षा खोल जाते. संस्थेने आम्हाला रस्त्याचा वळसा टाळून समोरच्या न्यों या स्विस शहरातून बोटीने नेले. हा प्रवास वीस मिनिटांचा आहे. आम्ही चढण्यापूर्वी त्याच बोटीतून खांद्याला ऑफिसची बॅग लावलेली माणसे घाईने उतरत होती. राहायचे फ्रान्समध्ये आणि नोकरीला रोज सरोवर ओलांडून स्वित्झर्लंडला जायचे, असा या भागातील अनेकांचा दिनक्रम आहे. त्यामुळे ही बोट पर्यटकांपेक्षा त्यांच्या अधिक गरजेची आहे.

निघण्यापूर्वी सोलापुरात झालेल्या बैठकीत मार्गदर्शकांनी नकाशा समोर ठेवून गावाचा इतिहास उत्तम मराठीत सांगितला होता, आणि त्याचा खरा उपयोग तेथे पोहोचल्यावर झाला. 1306 मध्ये सॅव्हॉय या प्रांताचा काउंट (शासक) पाचवा अमेडियस याने येथे तटबंदीचे काम सुरू केले, कारण या टोकावरून सरोवरातील जलवाहतुकीवर लक्ष ठेवता येत असे. सिद्धेश्वर तलावाकाठचा भुईकोट पाहत वाढलेल्या सोलापूरकराला पाणी आणि तट यांचे हे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सोळाव्या शतकातील युद्धांत गावाचे लष्करी महत्त्व संपले, किल्ला जळाला आणि तीनशेहून अधिक वर्षे छपराविना उभा राहिला. गाव मासेमारीवर जगत राहिले, आणि माझ्या मते याच उपेक्षेमुळे जुन्या वेशी, दगडी घरे व अरुंद गल्ल्या आजवर टिकल्या. सॅव्हॉय प्रांत फ्रान्समध्ये आला तो 1860 मध्ये, म्हणजे इव्वारचे फ्रेंच असणे त्याच्या तटबंदीपेक्षा साडेपाच शतकांनी अलीकडचे आहे.

मोटारी जुन्या गावाबाहेरच ठेवाव्या लागत असल्याने पायी हिंडण्यात निर्धास्तपणा होता. किल्ल्याच्या जुन्या परसबागेत 1988 पासून पंचेंद्रियांची बाग खुली आहे. तेथे पाने हाताने चाचपून पाहायची, सुगंधी झाडांजवळ थांबायचे, आणि मधल्या भागात पक्ष्यांचे आवाज ऐकायचे. आमच्यासोबतच्या एका आजी तेथून हलायला तयार नव्हत्या. असे असताना या बागेचे तिकीट सहलीच्या शुल्कात धरलेले नव्हते, हे खटकले.

याहून गंभीर तक्रार माहितीपत्रकाविषयी आहे. त्यात ‘किल्लादर्शन’ असे छापले आहे, परंतु किल्ला खासगी निवासस्थान असल्याने तो बाहेरूनच पाहता येतो. ही गोष्ट पैसे भरण्यापूर्वीच सांगायला हवी होती. दुपारच्या जेवणात मासे खाणाऱ्यांना लोण्यात परतलेले पर्च माशाचे काप आणि तळलेले बटाटे मिळाले. काप ताजे व चविष्ट होते, मात्र सरोवराकाठच्या हॉटेलांतील बराचसा पर्च बाहेरून आयात केलेला असतो, हेही ध्यानात असू द्यावे. शाकाहारी मंडळींची बोळवण कोशिंबीर आणि बटाट्यांवर झाली. स्विस फ्रँक घेऊन निघालेल्यांना पलीकडच्या तीरावर युरो लागतील याची सूचनाही वेळेवर मिळाली नाही. युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच शेंगेन व्हिसावर दोन्ही देश होतात, चलन मात्र बदलते.

एवढ्या त्रुटी असूनही या दिवसाची आखणी मी इतरांना निःसंकोच सुचवेन. गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आणि उताराच्या आहेत, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी काठी व न घसरणारे बूट सोबत घ्यावेत. हिवाळ्यात बाग बंद असते व बरीच दुकानेही उघडत नाहीत, म्हणून नोंदणी करताना मे ते सप्टेंबरमधील तारीखच मागून घ्यावी.