प्रचाराचं पेजच आमचं नव्हतं

वहिनी निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि खर्चाची वही माझ्याकडे आली. पत्रकं, गाड्या, सभा यांचा हिशेब मला जमत होता. इंटरनेटवरच्या प्रचारातलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं आणि बजेटचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिथेच गेला. पुढच्या निवडणुकीत अशी वही ज्याच्या हातात येईल, त्याने हे वाचावं म्हणून लिहितोय.

एजन्सीचा माणूस बोलायला गोड. ‘तुम्ही लोकांत फिरा, ऑनलाइनचं आमच्यावर सोडा,’ म्हणाला. पॅकेज एकरकमी होतं आणि साठ टक्के आगाऊ द्यायचे होते. त्यात जाहिरातींवर किती जाणार आणि त्यांची फी किती, हे मी विचारलं. ‘सगळं त्यातच आलं’ हे उत्तर ऐकून मी गप्प बसलो. माझी पहिली आणि सगळ्यात मोठी चूक ती. फेसबुकला जाणारा पैसा आणि एजन्सीची मजुरी या दोन वेगळ्या ओळी असतात. त्या एकत्र झाल्या की मधलं काहीच दिसत नाही.

चार दिवसांत फेसबुकवर वहिनींचं पेज तयार झालं, त्यावर हजारो फॉलोअर. आम्ही हरखलो. दर संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट यायचा, रीच (किती लोकांपर्यंत पोचलं) इतका, व्ह्यूज (किती वेळा पाहिलं) तितके. वहिनींनी तुंबलेल्या गटारांवर एक व्हिडिओ केला होता. घसा बसलेला असताना, चार वेळा पुन्हा बोलून. त्याला लाइक भरपूर आले. खालच्या कमेंट मी एकेक करून वाचायला लागलो, तर ‘नाइस पिक डिअर’, ‘सुपर’ आणि कितीतरी कमेंट आमच्यापैकी कुणालाच वाचता न येणाऱ्या लिपीत. गटाराबद्दल एक अक्षर नाही. पोटात गोळा आला तो तेव्हा.

एजन्सीच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, ‘अल्गोरिदम आहे, सुरुवातीला असंच होतं.’ फॉलोअर कोणत्या शहरांतले आहेत ते पेजच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीत, दिसतं, पण आम्हाला पेजचा अ‍ॅक्सेसच दिलेला नव्हता. व्ह्यूजचंही तसंच. फेसबुकवर व्हिडिओ काही क्षण चालला तरी तो पाहिला म्हणून मोजतात. १५ सेकंदांपर्यंत टिकलेल्यांचा आकडा वेगळा असतो आणि तो त्या स्क्रीनशॉटमध्ये कधीच नव्हता.

मतदानाला आठ दिवस उरले आणि जाहिराती बंद पडल्या. राजकीय जाहिरात द्यायची तर आधी जाहिरातदाराची ओळख पडताळून घ्यावी लागते आणि पैसे कोण देतंय ते जाहिरातीवर दाखवावं लागतं. या पडताळणीत दिवस जातात, म्हणून ती प्रचार सुरू होण्याआधीच उरकायची असते. एजन्सीने ती केलीच नव्हती. आमच्या जाहिराती साध्या जाहिराती म्हणून रेटल्या होत्या, त्या फेसबुकने पकडल्या. वर म्हणाला, ‘शेवटच्या आठवड्यात रेट वाढतात, अजून पैसे टाका.’

त्या रात्री भाचीने मला फेसबुकची अ‍ॅड लायब्ररी, म्हणजे तिथल्या जाहिरातींचा साठा, उघडून दाखवली. ती कुणालाही फुकट पाहता येते. राजकीय जाहिराती, अशा पकडल्या गेलेल्याही, तिथे ७ वर्षं राहतात, खर्चाच्या किमान-कमाल आकड्यांसकट. आमच्या जाहिराती दिसल्या, त्यावर आवश्यक माहिती न देता चालवल्याचा शेरा होता. मी वही शेजारी ठेवून कमाल आकड्यांची बेरीज केली. आम्ही दिलेल्या पैशांच्या दहाव्या हिश्शालाही ती पोचत नव्हती. मग भाचीने पेज ट्रान्सपरन्सी, म्हणजे पेजच्या जुन्या नावांची नोंद, उघडली. पेज आमच्यासाठी बनवलेलंच नव्हतं. आधी ते विनोदी चित्रांचं होतं, मग मोबाइल कव्हर विकणाऱ्याचं, मग वहिनींचं. फॉलोअर त्या जुन्या दुकानांचे.

दुसऱ्या दिवशी पेज मागितलं तर उरलेले चाळीस टक्के आधी द्या, म्हणाला. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा पत्ता, तेही त्याच्याच नावावर होतं. बिल आलं त्यात एकच ओळ: ‘डिजिटल सेवा’. निवडणूक खर्चाच्या हिशेबात ती ओळ दाखवताना मला जी लाज वाटली, ती पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा जास्त होती.

वहिनी थोडक्या मतांनी पडल्या. जाहिरातींमुळेच पडल्या असं मी म्हणणार नाही. पण शेवटचे आठ दिवस आम्ही ऑनलाइन मुके होतो, आणि काठावरचा मतदार मन बनवतो ते त्याच दिवसांत.

आता कुणी सल्ला विचारला तर मी आधी विचारतो की पेज, जाहिरात खातं आणि डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे? ते उमेदवाराच्या ईमेलवरच हवं, एजन्सीला फक्त काम करण्यापुरता अ‍ॅक्सेस द्यावा. जाहिरातीचे पैसे आपल्या कार्डावरून थेट फेसबुकला जाऊ द्यावेत, म्हणजे पावती आपल्या नावाची येते. आणि जाहिरातींच्या रकमेतला निम्मा भाग शेवटच्या दहा दिवसांसाठी बाजूला ठेवावा, कितीही मोह झाला तरी.

ते पेज अजून चालू आहे. परवा पाहिलं तर त्यावर दुसऱ्याच एका उमेदवाराचा फोटो होता आणि जुन्या नावांच्या यादीत वहिनींचं नाव. त्या उमेदवाराला मी त्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवला आहे.