स्वाधारचा हप्ता पडला, पण भलत्याच खात्यात!! अंगठा देण्याआधी हे वाचा

लांब होणारे, पण स्वाधार, महाडीबीटी (सरकारी स्कॉलरशिपचं पोर्टल), सावित्रीबाई फुले आधार योजना, स्वयंम, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता असा स्कॉलरशिपचा नाहीतर भत्त्याचा काहीपण फॉर्म भरलेला असेल तर शेवटपर्यंत वाचा. ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका हे आता सगळ्यांना पाठ झालंय. माझ्या केसमध्ये लिंक पण नव्हती आणि कुणाचा फोन पण आला नव्हता. सरकारनं पैसे पाठवले, माझ्याच नावाच्या खात्यात पडले, फक्त ते खातं आहे हेच मला माहीत नव्हतं.

गाव जालना जिल्ह्यात, मी बीएस्सी सेकंड इयरला छत्रपती संभाजीनगरला. समाजकल्याणच्या हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून टीव्ही सेंटरकडं रूम केली, तिघं पार्टनर, मेस वेगळी. अशा हॉस्टेल न मिळालेल्या एससी आणि नवबौद्ध पोरांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, 2016-17 पासून चालू आहे, घरचं उत्पन्न 2.5 लाखाच्या आत पाहिजे. मुंबई पुणे नागपूरला वर्षाचे 60,000 मिळतात, आमच्या इथं 51,000, म्हणजे जेवणाचे 28,000, राहण्याचे 15,000 आणि निर्वाहाचे 8,000. हे आकडे मला तोंडपाठ आहेत कारण ह्याच्यावरच वर्षभराचा हिशोब असतो, मेसवाल्या काकूंना पण "स्वाधार आलं की देतो" एवढंच सांगितलेलं असतं.

कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक मल्टी सर्व्हिसेसवाला आहे. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पोरं त्याला सर म्हणतात. बाकीचे सेंटरवाले फॉर्मचे 200 घेतात, हा 50 घ्यायचा आणि ते पण नसले तर "हप्ता आल्यावर दे, कुठं पळून चाललास" म्हणायचा, त्यामुळं अर्धं कॉलेज त्याच्याकडंच. उत्पन्नाचा दाखला, कास्ट, भाडेकरार, शपथपत्र सगळं स्कॅन करून नीट चढवून द्यायचा, कामात खरंच हुशार माणूस, हे मान्यच करावं लागतं.

माझा फॉर्म भरला तेव्हा ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला, मी सांगितला, फॉर्म सबमिट झाला, प्रिंट हातात आली. मी उठलो तर म्हणे थांब, व्हेरिफिकेशन राहिलंय. ते लाल लाइटवालं अंगठ्याचं मशीन काढलं, शर्टाच्या टोकानं काच पुसली, अंगठा ठेव म्हणाला. घेतला नाही, परत ठेव. मग दुसरं बोट. मग त्याचा मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला, "डोळे मिचकाव" म्हणाला, फोटो निघाला. हे सगळं होत असताना स्क्रीन त्याच्याकडं फिरवलेली होती आणि मागं लाइनीत उभी असलेली पोरं "सर आमचं पण घ्या" करत होती.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळा खेळ इथंच आहे. ज्याचा मोबाइल आधारला लिंक नाही त्याला महाडीबीटीवर रजिस्टर करताना अंगठा लागू शकतो, म्हणजे सेंटरवर अंगठा घेतला म्हणजे चोरच असं नाही. पण ज्याचं काम ओटीपीवर झालेलं आहे, फॉर्म सबमिट होऊन प्रिंट निघालेली आहे, त्याच्याकडून नंतर अंगठा आणि चेहरा मागायला काहीच कारण नाही. तो त्या वेळेला एका पेमेंट्स बँकेत (कर्ज न देणारी, मोबाइलवर चालणारी छोटी बँक) माझ्या नावानं खातं उघडत होता, मोबाइल नंबर स्वतःकडचा टाकून.

पुढं काही महिने शांतता. मग पार्टनरला हप्ता पडला, वर्गातल्या दोघांना पडला, मला नाही. पासबुक भरून आणलं, काही नाही. समाजकल्याण ऑफिसला गेलो तर तिथले बाबू म्हणाले, तुझे 25,500 गेलेत, सक्सेस दाखवतंय, यूटीआर नंबर म्हणजे त्या पेमेंटचा नंबर घे. माझ्या बँकेत गेलो तर मॅडम म्हणाल्या आधार लिंक आहे, आमच्याकडं आलेच नाहीत, समाजकल्याणला विचार. समाजकल्याण म्हणतंय बँकेला विचार. मी आपला दोन्हीकडच्या खिडक्यांवर तोच कागद दाखवत फिरतोय, आणि गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत होते.

कारण आधार लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंग असणं वेगळं. आधार तुम्ही पाच बँकांत लिंक करा, कुणी अडवत नाही. पण सरकारी पैसे आधारवर येतात तेव्हा एनपीसीआयच्या (बँकांमधली पेमेंट चालवणारी संस्था) मॅपरमध्ये, म्हणजे कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत पाठवायचे त्या यादीत, एकाच बँकेचं नाव असतं, आणि शेवटी ज्या बँकेनं सीडिंग केलं तिचं नाव तिथं चढतं, आधीचं गळतं. पोस्टमनकडं तुमचा एकच पत्ता आहे आणि शेवटी जो सांगेल तो खरा, असं समजा. फॉर्मवर तुम्ही कुठल्या बँकेचा अकाउंट नंबर लिहिला होता ह्याला आधारवरच्या पेमेंटमध्ये काडीचा अर्थ नाही. नवीन खातं उघडताना "ह्या खात्यात सबसिडी घ्यायची आहे" असा एक डबा असतो, त्यानं तो टिक केला, झालं काम. हे काही नवीन पण नाही, 2017 ला एका मोबाइल कंपनीनं सिमच्या केवायसीमध्येच लोकांची पेमेंट्स बँकेत खाती उघडली होती आणि गॅसची सबसिडी तिकडं वळली होती, तेव्हा यूआयडीएआयनं, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेनं, त्यांचं ईकेवायसी (आधारवरून ओळख पटवणं) बंद केलं होतं. झारखंडमध्ये 2020 ला दलालांनी आणि बँक मित्रांनी (गावात बँकेचं काम करणारे एजंट) पोरांच्या स्कॉलरशिप अशाच उचललेल्या बाहेर आल्या होत्या. म्हणजे वाट जुनीच आहे, गाव फक्त बदललं.

मला हे कळलं ते सिनिअरमुळं. त्यानं मायआधार ह्या आधारच्या सरकारी साइटवर लॉगिन करायला लावलं, तिथं बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, उघडलं तर माझ्या बँकेच्या जागी त्या पेमेंट्स बँकेचं नाव आणि खाली अपडेट झाल्याची तारीख. मग त्याच साइटवर ऑथेंटिकेशन हिस्टरी काढली. तुमचं आधार कुणी, कुठल्या दिवशी, किती वाजता वापरलं, अंगठ्यानं की ओटीपीनं की चेहऱ्यानं, सगळं असतं त्यात. फॉर्म भरला त्या दुपारची ओटीपीची एंट्री, आणि त्याच्याच खाली थोड्या मिनिटांनी बोटाची, आधी फेल, मग सक्सेस. ते बघून डोकंच गरम झालं.

पार्टनरला घेऊन दुकानात गेलो तर आधी "सिस्टिमचा प्रॉब्लेम असेल". स्क्रीनशॉट दाखवला तर म्हणतो "भाऊ, अंगठा तर तूच दिला ना". आणि मग बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवून, 10,000 घे आणि मिटवून टाक, तुझं पण वर्ष वाया नको जायला. पप्पा गावाकडून आले होते, ते जवळजवळ तयार झाले होते, पोलीस स्टेशन नको म्हणून. मी नाही म्हणलं. मिटवलं असतं तर खातं तसंच त्याच्या हातात राहिलं असतं आणि पुढचा हप्ता पण त्याच खात्यात गेला असता.

आता काय केलं ते सांगतो, ज्याला उपयोग होईल त्याला होईल. सगळ्यात आधी स्वतःच्या बँकेत डीबीटी सीडिंगचा फॉर्म भरला. नुसतं "आधार लिंक करा" म्हणू नका, फॉर्मवर आधीच्या बँकेचं नाव लिहून मॅपिंग इकडं बदला असा पर्याय असतो तो टिक करा आणि पोच घ्या. काही दिवसांनी मायआधारवर परत बघा बदललं का. दुसरं, त्या पेमेंट्स बँकेला लेखी तक्रार, ईमेलवर, की हे खातं मी उघडलेलं नाही, बंद करण्याआधी स्टेटमेंट द्या. हे महत्त्वाचं आहे, आधी बंद करून बसू नका. स्टेटमेंटमध्ये दिसलं की पैसे पडले त्याच दिवशी यूपीआयनं दोन तुकड्यांत बाहेर गेले, कुठल्या खात्यात ते पण. तिसरं, 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन आणि सायबरक्राइमच्या पोर्टलवर तक्रार, मग ती प्रिंट घेऊन सायबर पोलीस. 1930 पैसे ताजे गेले असतील तरच खरं कामाचं, तासाभरात कळवलं तर पुढचं खातं गोठवता येतं, माझ्यात तेवढा वेळ केव्हाच निघून गेला होता. तिथले साहेब आधी अर्ज ठेवून जा म्हणाले, पण ऑथेंटिकेशन हिस्टरी आणि स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा वाचायला लागले. भारतीय न्याय संहितेचं 318 फसवणुकीचं आणि आयटी ॲक्टचं 66सी, दुसऱ्याची ओळख वापरण्याचं, अशी कलमं लागतात अशा केसमध्ये. पेमेंट्स बँकेनं 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन जाता येतं, फी लागत नाही. मी गेलोय.

खाली कोणीतरी लिहिणारच की अंगठा दिलाच कशाला. अरे बाबा रेशनला अंगठा, सिमला अंगठा, बँक मित्राकडं आजीचे निराधारचे पैसे काढायला अंगठा, आपल्याकडं अंगठा मागितल्यावर का म्हणून विचारायची पद्धतच कुणी ठेवलेली नाही. विचारलं तर "मग दुसरीकडं जा". प्रश्न पोरांना विचारण्याऐवजी हे विचारा की दुसरी बँक मॅपरमध्ये आपलं नाव चढवते तेव्हा जुन्या बँकेकडून मला एक साधा मेसेज का येत नाही.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं हे पण मला आताच कळलं. मायआधारच्या साइटवर आहे, लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडायचं. घरच्यांचं रेशन अंगठ्यावर असेल तर त्यांचं करताना विचार करा, तुमचं स्वतःचं मात्र करूनच टाका.

सध्या परिस्थिती अशी आहे की मॅपिंग माझ्या बँकेत परत आलंय आणि दुसरा हप्ता बरोबर पडला. पहिल्याचं अजून चालूच आहे, पेमेंट्स बँकेनं खातं गोठवलंय आणि चौकशी चालू म्हणून ठरलेला ईमेल पाठवत असतात. दुकान चालूच आहे. आमच्या वर्गातल्या त्याच्याकडं फॉर्म भरलेल्या पोरांनी स्टेटस चेक केलं तर अजून काहींच्या आधारला तीच बँक निघाली, त्यातल्या काहींचे पैसे अजून यायचेत म्हणून ते वाचले. तुम्ही पण कुठल्या सेंटरवर अंगठा दिला असेल तर सीडिंग स्टेटस आजच बघा आणि ऑथेंटिकेशन हिस्टरी डाउनलोड करून ठेवा, ती फक्त मागच्या 6 महिन्यांचीच दिसते आणि हप्ते कधी वेळेवर येतात ते तुम्हाला माहितीच आहे.