पुलाखालची बदकं : योलो बायपासमध्ये शिकारीचा एक हंगाम

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो आणि डेव्हिसच्या मध्ये इंटरस्टेट ८० या महामार्गाचा लांबलचक पूल आहे. सहा वर्षं मी त्यावरून ऑफिसला जात होते. खाली पाणी, लव्हाळं, मधेच भातखाचरं. पुलाच्या दक्षिणेला सुमारे सोळा हजार एकरांवर योलो बायपास वाइल्डलाइफ एरिया पसरला आहे. (बायपास म्हणजे इथे रस्ता नव्हे, पुराचं पाणी वळवायची सखल जमीन.) थंडीत तिथे कुणीही परवाना काढून बदकांची शिकार करू शकतं, हे मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं तेव्हा कळलं. खासगी क्लबचं सभासदत्व नको, ओळखपाळख नको. जागा सरकारी, कॅलिफोर्नियाच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याची. २०२३-२४ च्या हंगामात मी नऊ वेळा गेले. मराठीत याबद्दल काही सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार म्हटलं की गुन्हा आणि चोरटे शिकारी एवढंच डोक्यात येतं. माझ्याही यायचं. त्यात मी पक्षी बघणारी. भिगवणला उजनीच्या पाण्यावर दुर्बीण लावून थापट्या आणि तलवार बदकं बघण्यात माझ्या कॉलेजच्या सगळ्या हिवाळ्यातले रविवार गेले. इथे पहिल्या दिवशी डोक्यावरून जो थवा गेला तो तलवार बदकांचाच होता. जात तीच. तिकडची सायबेरियातून येतात, इकडची बरीचशी अलास्का आणि कॅनडातून. आपण आयुष्यभर कौतुकाने बघितलेल्या पक्ष्यावर बंदूक उचलायची का, यावर मी दोन महिने घरात आणि मनात वाद घातला. चिकन-मटण मी खाते आणि ते कुठून येतं हे बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. शेवटी त्याच मुद्द्यावर निर्णय झाला.

आधी कागदपत्रं. हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. परवान्यावर राज्याचं बदकांसाठीचं वेगळं व्हॅलिडेशन, म्हणजे जादा मंजुरी, लागतं, आणि वर केंद्र सरकारचा डक स्टॅम्प, म्हणजे बदकांच्या शिकारीसाठीचं तिकीट, २५ डॉलरचं. हा स्टॅम्प १९३४ पासून चालू आहे. त्याच्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा विकत घ्यायला आणि राखायला जातात. कागदी स्टॅम्प घेतला तर त्यावर शाईने आडवी सही करायची, नाहीतर तो ग्राह्य धरत नाहीत. त्याशिवाय वाइल्डलाइफ एरियाचा दिवसाचा पास. तो आधीच ऑनलाइन काढून ठेवा.

शिकार फक्त बुधवार, शनिवार, रविवार. जागा वाटण्याची पद्धत मला सगळ्यात आवडली. ज्यांनी आधी अर्ज केला आणि सोडतीत ज्यांचा नंबर लागला, ते पहिल्यांदा आत जातात. बाकीचे रांगेत. या रांगेला इथे 'स्वेट लाइन' म्हणतात. आतला माणूस बाहेर पडला की रांगेतल्या पुढच्याला जागा मिळते. माझी पहिली खेप अशीच रांगेतली. डिसेंबरातला बुधवार, पहाटेचे साडेतीन, आणि हेडलाइटच्या पुढे पाच हात दिसणार नाही असं धुकं. माझ्या पुढे एक प्लंबर, मागे वडिलांबरोबर आलेली चौदा वर्षांची मुलगी, पलीकडे रात्रपाळी संपवून थेट आलेली नर्स. कुणीतरी थर्मासमधली कॉफी सगळ्यांना ओतून दिली. मला आत जायला साडेनऊ वाजले आणि तोवर मी रांगेत जे शिकले ते कोर्समध्ये शिकले नव्हते. एका माणसाने माझ्या पिशवीतली काडतुसं मोजायला लावली. आत पंचवीसच्या वर नेता येत नाहीत, माझ्याकडे अख्खी दोन खोकी होती.

या पंचवीसच्या नियमाबद्दल थोडं. काहींना तो जाच वाटतो. मला तो फार शहाणपणाचा वाटतो, कारण सरकारी जागेत खरा त्रास देतो तो उंचावरच्या बदकांवर उगाच बार काढणारा शेजारी. बदक पडत नाही, जखमी होऊन लांब जातं, आणि आसपासच्या तळ्यांवर उतरायला आलेले थवे वर उचलले जातात. काडतुसं मोजकी असली की माणूस थांबायला शिकतो. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं भरता येतात. छरे शिशाचे चालत नाहीत. बदकं तळ्याच्या गाळातले छरे दाणे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं साऱ्या देशात १९९१ पासून बंद आहे. आपण पोलादी छरे वापरतो. ते हलके, त्यांचा जोर लवकर सरतो. पस्तीस यार्डांच्या पुढे बार टाकू नये असं माझं स्पष्ट मत झालं आहे. आजोबांनी मला यार्डात सांगितलंच नाही. ते म्हणाले, "पायांचा रंग दिसेपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचं नाही."

दुसऱ्या खेपेला सोडतीत त्यांचा नंबर लागला आणि त्यांनी मला बरोबर घेतलं. आम्ही अंधारात बांधावरून हातगाडी ओढत निघालो. गाडीवर दोन डझन डिकॉय (थव्यांना भुलवायला पाण्यावर सोडायची नकली बदकं), बसायला बादल्या आणि सोबत त्यांची पिवळी लॅब्रॅडोर. तिथली माती चिकण. पाय आत गेला की खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा अडकतो. टाच आधी सोडवायची आणि मग पाय उचलायचा, हे जमेपर्यंत मी दोनदा बसकण मारली. वारा पाठीवर घेऊन लव्हाळ्यात बसलो, कारण बदकं वाऱ्याला तोंड करून उतरतात. डिकॉय समोर दोन झुबक्यांत, मधे उतरायला मोकळं पाणी. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढायला परवानगी असते, पण त्या अर्ध्या तासात मला काही ओळखू येईना आणि मी बंदूक मांडीवरच ठेवली. अंधारात फक्त ऐकायला येत होतं. पंखांची सरसर, आणि तलवार बदकाच्या नराची ती बारीक शीळ. ती ऐकली आणि मी बाकी सगळं विसरले.

सव्वाआठला एक नर थापट्या खाली घसरत आला. नारिंगी पाय दिसले. मी उठले, बार काढला, तो पाण्यावर पडला, आणि कुत्री पोहत गेली.

तो हातात आला तेव्हा गरम होता. डोकं गर्द हिरवं, डोळा पिवळा. पंख उघडला तर खांद्यावर धुरकट आकाशी पट्टा, दुर्बिणीतून तो मी हजारदा बघितला होता. चोच मात्र इतक्या जवळून कधीच नाही. फावड्यासारख्या त्या चोचीच्या दोन्ही कडांना केसांच्या फणीसारखे बारीक दात असतात, ओळीने, इतके नाजूक की बोट फिरवलं तर वाकतात. त्यातूनच तो पाणी गाळून खाणं मिळवतो. मी किती तरी वेळ ती चोच बघत बसले. आजोबा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त कुत्रीला जवळ घेतलं.

इथले बरेच शिकारी थापट्याला कमी लेखतात, खायला चांगला नाही म्हणतात. मला ते पटत नाही. पक्षी काय खाऊन वाढला यावर चव ठरते, आणि या खोऱ्यात भात भरपूर. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात भाताचा पेंढा जाळण्यावर कायद्याने बंधनं आली. तेव्हापासून शेतकरी कापणीनंतर खाचरांत पाणी सोडून पेंढा कुजवतात, आणि बदकांना हिवाळाभर पाणी आणि सांडलेले दाणे मिळतात. बायपासच्या आतही भात पिकतो.

पाण्यात सगळीकडे काळे, पांढऱ्या चोचीचे पक्षी असतात. आपल्या वारकऱ्याचा अमेरिकन भाऊ. नियमाने त्यांचीही शिकार चालते. मला ती करता आली नाही आणि पुढेही करणार नाही. ज्या पक्ष्याला आपल्या लोकांनी वारकरी म्हटलं त्याच्यावर बार काढायला हात धजत नाही.

एक गोष्ट लिहायलाच हवी. पाचव्या खेपेला माझ्या बाराने पडलेलं एक टील, म्हणजे छोट्या जातीचं बदक, आम्हाला सापडलं नाही. चाळीस मिनिटं लव्हाळं विंचरलं, कुत्री तीनदा त्याच जागी फिरली. त्या हंगामात दिवसाला सात बदकांची मर्यादा होती, त्यांत तलवार बदक एकच. ते न सापडलेलं टील मी माझ्या सातांत धरलं. तुम्ही गेलात तर कुत्रा असलेल्या माणसाबरोबर जा, निदान पहिलं वर्ष. (मर्यादा बदलत असतात, त्या वर्षीची पुस्तिका वाचूनच निघा.)

बाहेर पडताना चौकीवर प्रवेशाचं परमिट परत द्यायचं आणि बदकं दाखवायची. तिथली बाई एकेक पक्षी उलटवून जात आणि नर-मादी लिहून घेते. तिने मला टीलच्या दोन माद्या शेजारी ठेवून पंखाच्या पट्ट्यावरून फरक समजावला, मागे चार गाड्या उभ्या असताना. घरी पोहोचेपर्यंत प्रत्येक पक्ष्याचा एक पंख किंवा डोकं पिसांसकट ठेवावं लागतं, म्हणजे जात ओळखता येते. साफ करायची घाई वाटेत करू नका.

आता वेडर्स, म्हणजे छातीपर्यंतची रबरी विजार. माझा सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात मोठा मनस्ताप. ऑनलाइन घेतलेले, स्वस्तातले. तिसऱ्या खेपेला मांडीच्या शिवणीतून पाणी आत आलं. जानेवारीतलं पाणी. तासाभरात डाव्या पायाची बोटं कळेनाशी झाली आणि आम्हाला नऊलाच परत फिरावं लागलं. कंपनीला शिवणीचे फोटो पाठवले, तर 'वापरामुळे झीज' म्हणून त्यांनी हात वर केले. तीन दिवस वापरलेल्या वस्तूची कसली झीज! नाव लिहीत नाही. घेताना शिवण आतून टेपने सांधलेली आहे का ते उलटं करून बघा, आणि पहिल्यांदा घरच्या बाथटबमध्ये पाण्यात बसा. बंदूक आणि डिकॉय आजोबांकडून मिळाले, वेडर्स कुणी उसने देत नाही.

स्वयंपाकाबद्दल विचारणार हे माहीत आहे. पहिलं बदक मी कुकरला लावलं आणि वाया घालवलं. छातीचं मांस लालभडक असतं, जास्त शिजलं की चिवट होतं आणि काळजासारखा वास येतो. आता बिडाच्या तव्यावर मीठ-मिरी लावून दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं, आतून गुलाबी. तंगड्यांचा मात्र कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून मंद आचेवर दोन तास रस्सा. थापट्यासुद्धा त्यात छान लागतो. खाताना छरे बघा, दातात येतात.

जाण्याआधी आदल्या रात्री क्षेत्र उघडं आहे का ते बघाच. बायपास मुळात पुराचं पाणी वळवण्यासाठी आहे. सॅक्रामेंटो नदी चढली की पाणी फ्रीमॉन्टच्या बंधाऱ्यावरून आत येतं, बांध, रस्ते, तळी सगळं एक होतं आणि शिकार बंद होते. अशा वेळी पुलावरून गाडी हळू घ्या आणि बदकं बघा. हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो, सोडतीचे अर्ज त्याच्या बरेच आधी भरावे लागतात. बुधवार मागा, गर्दी कमी असते.