तलाठ्यांपर्यंत आदेश पोचवायचा: ग्रुपवर की मंडळाच्या बैठकीत?

तालुक्याला नव्याने रुजू झालेल्या तहसीलदारापुढे हा प्रश्न लवकरच येतो. मंडळ अधिकारी, तलाठी, कोतवाल यांच्याशी रोजचा संवाद व्हॉट्सॲप ग्रुपवर चालवायचा, की दर आठवड्याला मंडळाच्या (म्हणजे काही तलाठ्यांची गावं मिळून होणाऱ्या महसुली विभागाच्या) ठिकाणी समोरासमोर बसायचं? दोन्ही थोडंथोडं सगळेच करतात. प्रश्न आहे तो भार कशावर टाकायचा याचा.

वेगात ग्रुपला तोड नाही. हवामानाचा इशारा, दौऱ्यातला बदल, तापीकाठच्या गावांना सावधगिरीची सूचना, यासाठी बैठकीची वाट कोण पाहणार? धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात मात्र रेंज जाते आणि सकाळचा आदेश संध्याकाळी उतरल्यावर दिसतो. रात्री अकराला ‘उद्या दहापर्यंत माहिती सादर करा’ असं टाकायची सवयही ग्रुपच लावतो. पण ही दुखणी सोसता येतात.

सोसत नाही ते ‘ओके सर’.

उदाहरण पंचनाम्याचं घ्या. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात घडांनी लगडलेली केळी आडवी होते. नुकसान भरायचं प्रपत्र, म्हणजे ठरावीक नमुन्याचा तक्ता, ग्रुपवर पडतं आणि दहा मिनिटांत अंगठ्यांची रांग लागते. कुणी काही विचारत नाही, कारण साहेबांसमोर आणि चाळीस सहकाऱ्यांसमोर ‘मला कळलं नाही’ असं लिहायला कोणी धजत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, शेतकरी सांगतो एकरात. दीड एकर म्हणजे सुमारे ६१ आर, म्हणजे ०.६१ हेक्टर. घाईत तेच हेक्टरच्या रकान्यात १.५० असं गेलं की बाधित क्षेत्र अडीचपट होतं. मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसानीची अट पूर्ण गटाच्या (सातबाऱ्यावरच्या जमिनीच्या तुकड्याच्या) क्षेत्रावर लावायची की फक्त केळीखालच्या, यावरही प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. चूक कळते ती यादी जिल्ह्याकडून परत आल्यावर. मग सगळी गावं पुन्हा.

शिवाय पंचनामा संयुक्त असतो: तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. तिघांची खाती वेगळी, ग्रुप वेगळे. एकच आदेश तीन ठिकाणी येतो, कधी तीन तारखांचा. फैजपूर किंवा सावद्याला एका टेबलाभोवती बसवलं, तर हा गुंता तिथल्या तिथे सुटतो. एखादा तलाठी खालच्या आवाजात ‘साहेब, आठे एकर लिखानं का हेक्टर?’ (इथे एकर लिहायचं का हेक्टर?) विचारतो आणि चार जण हळूच आपला कागद तपासतात.

बैठकीचे तोटेही खरे आहेत. तालुक्याला बोलावली तर दूरच्या सजाच्या (तलाठ्याच्या कार्यक्षेत्राच्या) माणसाचा दिवस जातो आणि गावात कार्यालयाला कुलूप दिसतं. साहेब बोलतात, बाकीचे वहीत मान घालून बसतात. वसुलीची टक्केवारी उभं राहून वाचायला लावली की पुढच्या वेळी रजेचे अर्ज वाढतात. अशी बैठक ग्रुपपेक्षा वाईट, हे मान्य.

म्हणून ती मंडळातच, बाजाराचा दिवस टाळून, पाऊण तासाची ठेवावी. पहिली दहा मिनिटं मागच्या कामाला. मग नवं प्रपत्र एका खऱ्या गट क्रमांकावर सगळ्यांनी तिथेच भरायचं. चुका इथेच वर येतात, म्हणून वेळ कापायचा तो दुसरीकडून कापावा. शंका विचारण्याची सुरुवात सर्वांत कनिष्ठापासून करावी. वरिष्ठ आधी बोलले की खालचे गप्प होतात. संध्याकाळपर्यंत एका पानाचं इतिवृत्त: काम, नाव, तारीख. त्याला जावक क्रमांक द्यावा. बदली झाली की साहेबांबरोबर फोनही जातो; नस्ती, म्हणजे फाइल, कार्यालयात राहते.

ग्रुप बंद करायची गरज नाही. फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल अशी सेटिंग करावी, म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली आदेश दबणार नाही. शंकांसाठी मंडळ अधिकाऱ्याचा फोन खुला असावा.

भुसावळ किंवा धुळे शहरालगतच्या, रस्ते-रेंज चांगली आणि कर्मचारी जुने अशा ठिकाणी ग्रुपवर बरंच निभावेल. तिथे बैठक पंधरा दिवसांनी घेतली तरी चालावं. सजे रिकामे असतील, एका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा कारभार असेल, तर मात्र बैठकीचाच आग्रह धरावा असं आमचं मत. अतिरिक्त कारभाराच्या गावातले गट, पिकं, माणसं त्याच्या ओळखीची नसतात, आणि नेमकी तिथलीच प्रपत्रं चुकतात.